पहाऱ्यातली बाटली

१

नशिराबादच्या शिवारात त्या सकाळी बेबाबाईंनी अशी किंकाळी फोडली, की केळीचे घड कापणारे मजूर बिबट्या आला समजून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढले. त्यातले दोघे बिबट्या नसल्याचं कळल्यावरही दुपारपर्यंत खाली उतरले नाहीत.

बेबाबाई आपल्या शेडच्या दारात बसकण मारून बसल्या होत्या. पदरात बटेराचं, म्हणजे लावा पक्ष्याचं, एक पिलू होतं, लिंबाएवढं. त्याच्या दोन्ही पायांची बोटं आत वळून मुठी झाल्या होत्या. ते उभं राहायला जाई आणि गुडघ्यांवर बसे, जणू कुणाची तरी माफी मागतंय. आत दिव्यांच्या उबेला अशी आणखी कितीतरी पिलं माफी मागत बसली होती. काही आडवी पडली होती, त्यांची माफी मागून झाली होती.

"इख घातलं माझ्या पिलाइले!" बेबाबाई ओरडल्या. "अन् कोनं घातलं ते मले चांगलं मालूम आहे!"

ते सगळ्यांनाच मालूम होतं, निदान तसं सगळ्यांना वाटत होतं. बेबाबाईंची शेड आणि त्यांची धाकटी जाऊ मोहिनी हिची शेड, यांच्यामध्ये एका पत्र्याचं अंतर होतं. पत्र्याच्या पलीकडे मोहिनीची पिलं एकमेकांच्या डोक्यांवरून उड्या मारत होती. इतकं निरोगी असणं त्या सकाळी बरं दिसत नव्हतं.

सासरे गिरधर आबा आले. त्यांनी दोन्हीकडे डोकावून पाहिलं, मिशीवरून हात फिरवला आणि ठरवलं.

"रविवारी भाऊबंद बसतीन. मोहिनीनं केलं असं निघालं, तं तिची शेड बंद. पत्रे उतरून घेईन."

मोहिनी हातात खाद्याचं भांडं घेऊन उभी होती. तिनं पत्र्यांकडे पाहिलं. त्या घरात भांडी सासूच्या नावाची होती, शेत आबांचं होतं, नवरा तर आईचा होताच. तिची म्हणावी अशी ती शेड तेवढी होती.

"मी काही केलेलं नाही, आबा," ती म्हणाली.

आणि नेमकं तेव्हाच बेबाबाईंनी पुरावा काढला. तो काचेच्या बाटलीत होता.

२

इथे थोडं मागे जायला हवं. फार नाही, फोटोपर्यंत.

बटेरपालन मोहिनीनं सुरू केलं. लग्नाआधी धुळ्याला तिनं त्याचं प्रशिक्षण घेतलं होतं. ठिपक्याठिपक्यांची अंडी जळगावच्या हॉटेलांत जाऊ लागली आणि एक दिवस वर्तमानपत्रात मोहिनीचा फोटो आला. मागे घरची मंडळी उभी होती. छापताना कडा कापल्या गेल्या आणि बेबाबाईंचा फक्त कोपर आला. तो कोपर अख्ख्या नशिराबादनं ओळखला. लोक मुद्दाम घरी येऊन म्हणत, "बेबाबाई, कोपर लई झ्याक आला हो!"

त्याच आठवड्यात बेबाबाईंना बटेर पाळायची प्रेरणा झाली.

आबांनी शेडच्या मधोमध पत्रा मारला. आबांच्या घरात वाटणी ही देवपूजेसारखी होती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत आणि रोज. शिंदखेड्याहून जीवरामचा पिलांचा क्रेट आला की आबा अंगणात बसत आणि आंब्यांसारखी पिलं वाटत, एक इकडे, एक तिकडे. मका, सोयाबीनची पेंड आणि खनिज मिश्रण एकाच पिंपात कालवलं जाई आणि मापानं दोन भाग होत, कारण दुसरं पिंप घ्यायला आबा तयार नव्हते. पाणी एकाच टाकीचं.

पाण्यात घालायचं जीवनसत्त्वांचं औषध दीपचंदशेठच्या दुकानातून काळ्या कॅनमधून येई. त्याचीही वाटणी झाली होती. मोठेपणाच्या मानानं बेबाबाईंनी आपला वाटा सरबताच्या स्वच्छ काचेच्या बाटलीत ओतून घेतला आणि काळा कॅन उरल्या औषधासकट जावेकडे सरकवला.

तीच बाटली आता त्यांनी उंच धरली.

"पाहा! आनलं तवा हळदीवानी पिवळं व्हतं. आता पाहा!"

बाटलीतलं औषध लिंबाच्या सरबतासारखं फिकट झालं होतं. मोहिनीच्या कॅनमधलं थेंबभर ओतून पाहिलं, तर ते अजून हळदीसारखंच पिवळं.

"पाणी घातलं इनं! माझं औषध काढलं अन् पाणी घातलं!"

आबांनी मान डोलावली. निकाल रविवारच्या आधीच लागणार असं दिसू लागलं. पण बाटलीवर नखाला लावायच्या लाल रंगानं बारीक रेघा ओढलेल्या होत्या.

"ह्या काय?" आबांनी विचारलं.

"रोज औषध काढलं की मी रेघ मारते. कोनी चोरलं तं कळावं म्हनून."

आबांनी चष्मा लावून पातळी पाहिली. सगळ्यात खालच्या रेघेवर औषध अचूक टेकलं होतं, केसभर वर नाही, केसभर खाली नाही.

३

बातमी दुपारपर्यंत दीपचंदशेठच्या दुकानात पोचली, तीही सुधारून. नशिराबादहून निघताना ती 'सुनेनं विष घातलं' अशी होती. हायवेवर आल्यावर 'दुकानदारानं नकली औषध दिलं' अशी झाली, कारण त्या हायवेवर दीपचंदशेठसारखी आणखी दोन दुकानं होती.

"आई, दुकानाचं नाव जाईल," दीपचंदशेठ म्हणाले.

गादीवर लोडाला टेकून भंवरीबाई बसल्या होत्या. दीपचंदशेठच्या आई. वय पंचाहत्तरीच्या पुढे, डोक्यावर पदर, हातात उकळून गार केलेल्या पाण्याचा तांब्या. आयुष्यात अंड्याला बोट लावलेलं नाही. बटेरांविषयीचं त्यांचं ज्ञान इतकंच होतं, की तो जीव आहे आणि त्याला जगू द्यावं. पण चार जावांच्या एकत्र घरात त्यांनी सारा संसार काढला होता. कुणाच्या ताटात तूप जास्त पडलं, हे त्यांना तुपाच्या वासावरून कळे. चाळीसगावपासून भुसावळपर्यंत नात्यागोत्यात सुना-जावांचं भांडण पेटलं की त्यांना बोलावणं येई, आणि त्या जात. आपल्याला बोलावलं नाही तर त्या जास्त आवडीनं जात.

"चेलनाला फोन लाव," त्या म्हणाल्या. "पिलांचं ती बघेल. मी जावांचं बघते."

चेलना त्यांची नात, जनावरांची डॉक्टर. आजीबरोबर काम करायला ती फारशी उत्सुक नसे, कारण निदान आजीच करी आणि फी घ्यायची नाही असंही आजीच ठरवी.

मळ्यात पोचल्यावर भंवरीबाईंनी शेडमध्ये पाय ठेवायला साफ नकार दिला.

"खाली सगळी लेकरं फिरताहेत. पाय पडला एखाद्यावर तर? मी इथेच बसते." कडुलिंबाच्या झाडाखाली खाट टाकली गेली. चौकशीचं सगळं काम त्या खाटेवरून चाललं.

थोड्या वेळानं चेलना बाहेर आली. हातात एक लंगडं पिलू.

"विष नाही, आजी. विषानं सगळी एकदम गेली असती. ही खाण्यातली कमतरता आहे. पण नुसती कमतरता म्हणून चालत नाही, कसली ते बघावं लागतं." तिनं पिलाची चोच बोटानं दाबली. "चोच कडक आहे. कॅल्शियम किंवा 'ड' कमी असतं तर रबरासारखी वाकली असती. गुडघ्यामागची शीर जागेवर आहे. मँगनीज कमी असतं तर ती घसरून पाय बाहेर फाकला असता. म्हणजे पिंपातली खनिजं ठीक आहेत. नुसती बोटं आत वळलीत. हे 'बी-टू' जीवनसत्त्व कमी पडल्याचं काम. मक्यात आणि पेंडीत ते पुरेसं नसतं आणि बटेराचं पिलू वाढतं भराभर, त्याला कोंबडीच्या पिलाहून जास्त लागतं. म्हणून तर ते औषध वरून देतात."

"आणि ते औषधात असतं?"

"औषधाचा पिवळा रंग त्याचाच."

भंवरीबाईंनी बेबाबाईंकडे पाहिलं. बेबाबाईंनी पत्र्यापलीकडे पाहिलं.

"म्हंजी काढलंच ना माझ्या बाटलीतून!" बेबाबाई म्हणाल्या. "मी सांगू लागली तं कोनी ऐकत नही!"

"बाटली कुठे असते, बेटा?"

"सैपाकघराच्या खिडकीत. खिडकीले गज आहे. दाराची किल्ली माझ्या कमरेले. दिवसभर मी चुलीपाशी बसून तिच्यावर नजर ठेवते, रात्री उशापाशी घेऊन झोपते."

"औषध काढून, तितकंच पाणी भरलं असेल कुणी?"

"माझ्या डोयापुढून? मी डोया लवू देत नही, काकी!"

चेलना हळूच म्हणाली, "आजी, मग हे शक्यच नाही. बाटलीला कुणी हातच लावू शकत नव्हतं."

"हो ना," भंवरीबाई म्हणाल्या आणि तांब्यातलं पाणी प्यायल्या. त्यांना फार बरं वाटू लागलं होतं.

४

पहिला संशयित स्वतःच्या पायांनी आला. शिंदखेड्याचा जीवराम. त्याच्या अंडी उबवायच्या मशीनमधून पिलं येत. त्याचं नाव बदनाम होतंय असं कळल्यावर तो मोटरसायकलवरून आला आणि हेल्मेट न काढताच बोलू लागला. बोलून झाल्यावर ते काढून त्याला पुन्हा सगळं सांगावं लागलं.

"काकी, बठ्ठा पिल्ला एकच मशीनना शेतस. निम्मा धावतस, निम्मा लंगडतस. मंग दोष मना कसा?"

"आबांनी वाटली ना एकेक करून?"

"मना डोळादेखत. एक इकडे, एक तिकडे. मोठी बाई तर दर पिल्लाले उलटपालट करी पाहे. चांगलं दिसनं ते पत्र्याना इकडे, आनि तेच धाकटीले पाहिजे, असं भांडन."

"तुझा राग कुणावर आहे, जीवराम?"

"माले कसाना राग?" जीवराम म्हणाला. मग हेल्मेटची पट्टी ओढत तो पुढे म्हणाला, "हॉटेलवाला पहिले मन्हाकडून अंडा लेयेत. आते मोहिनीबाईकडून लेतस. पेपरमा फोटो तिना. मशीन मना, पिल्ला मना, आनि फोटो तिना."

"म्हणजे तू केलं असतंस, तर मोहिनीच्या शेडमध्ये केलं असतंस."

जीवरामला हा युक्तिवाद आवडावा की नाही ते कळेना. शेवटी त्यानं हेल्मेट घातलं.

गिरधर आबांनाही भंवरीबाईंनी खाटेजवळ बसवलं. आबांचं दुःख निराळं होतं. तीस वर्षं त्यांनी केळी पिकवली. रावेरपासून लोक बाग बघायला येत. आता लोक येतात आणि विचारतात, बटेरवाल्यांचं घर हेच का?

"मले कोनी विचारत नही, काकी. माझ्या घडाइकडे कोनी पाहत नही. दोन्ही शेडी बंद झाल्या तं मले काही वाईट वाटनार नही."

"आबा, तुम्ही पत्रे उतरवायची एवढी घाई केलीत, ती यामुळेच का?"

आबा एकदम उठले आणि पंप पाहायला निघून गेले. पंप त्या वेळी बंद होता, कारण लाइट गेलेली होती.

चेलनानं वहीच्या कागदावर सगळ्यांची नावं लिहून फुल्या मारल्या होत्या. आता तो कागद तिनं चुरगाळला. "आजी, इथे प्रत्येकाला कारण आहे आणि संधी एकालाही नाही."

"एक राहिली," भंवरीबाई म्हणाल्या. "बोलाव धाकटीला."

५

मोहिनी आली. पदर नीट, आवाज शांत. ती खाटेवर बसली नाही, समोर उभी राहिली.

"मी त्या शेडमध्ये पत्रा मारल्यापासून पाऊल टाकलेलं नाही, काकी. मला गरजच काय? माझी पिलं मला पुरे."

"बेबा अक्कांचा राग येत असेल तुला."

"राग नाही. पण मी एक गोष्ट केली, की दुसऱ्या दिवशी ती त्यांना हवी. मी खिडकीला जाळी लावली, त्यांनी लावली. मी दिव्यांना आडोसे केले, त्यांनी केले. मी पिलांना नावं ठेवली नाहीत म्हणून, नाहीतर ती पण ठेवली असती." ती थोडी थांबली. "आणि गावात म्हणतात काय, की मोठीनं धाकटीला शिकवलं."

"तुझी पिलं फारच छान आहेत, म्हणे. चेलना सांगत होती."

मोहिनीचा चेहरा उजळला. मत्सरी माणसाला कौतुक म्हणजे उघडं दार. भंवरीबाईंनी ते दार तसंच उघडं ठेवलं.

"मी लक्ष ठेवते ना, काकी! एकेका पिलाकडे. या दुखण्याचं असं असतं, की पहिल्यांदा कळतच नाही. आधी पिलं नुसती बसून राहतात, हाकललं तरी उठत नाहीत. मग एकाच पायाचं बोट वळतं. मग दोन्ही पाय. पंख लोंबायला लागले की समजायचं, उशीर झाला."

"प्रशिक्षणात शिकवलं वाटतं?"

"नाही, प्रशिक्षणात अंडी आणि विक्री एवढंच होतं," मोहिनी म्हणाली. "हे आपलं बघून बघून कळतं."

"हं," भंवरीबाई म्हणाल्या. "उन्हं तापली बेटा. जरा घरात बसते. तुझ्या अक्कांच्या स्वयंपाकघरात."

घरात बेबाबाईंनी त्यांच्यासाठी चुलीपुढचा पाट सरकवला. खिडकीच्या फळीवर, आपल्या नेहमीच्या जागी, बाटली पुन्हा पहाऱ्यात बसली होती. खिडकी दक्षिणेकडे. गजांमधून येणारं ऊन थेट तिच्यावर. बाजूला पडदा सरकवलेला होता, म्हणजे पहाऱ्यात अडथळा नको. भंवरीबाईंनी पडद्याची एक घडी बोटांनी उलगडली. बाहेरची बाजू फिकट गुलाबी झाली होती. घडीच्या आतली पट्टी गर्द लाल, नवीन घेतल्यासारखी.

"कधीचा गं हा पडदा?"

"यंदाच्या दिवाळीचा. दुकानदारानं फसवलं, काकी, रंग उडाला पाहा."

भंवरीबाईंनी पडदा सोडला, बाटलीकडे पाहिलं आणि दारातून हाक मारली.

"चेलना! ऊन कापडाचा रंग खातं ते मला माहीत आहे. औषधाचाही खातं का गं?"

अंगणातून आवाज आला. कपाळावर हात मारल्यासारखा.

६

रविवारी भाऊबंद जमले. नशिराबादचे, भादलीचे, आणि असोद्याचे दोघे, ज्यांचा या भाऊबंदकीशी काय संबंध होता ते कुणाला ठाऊक नव्हतं. मोहिनीचा नवरा आणि त्याचा थोरला भाऊ मागे ओसरीच्या खांबाला टेकून उभे होते. आपापल्या बायकांच्या बाजूनं बोलायचं त्यांनी सकाळीच टाळलं होतं.

भंवरीबाईंनी सकाळीच एक गोष्ट करून घेतली होती. सरबताच्या दोन सारख्याच बाटल्या, दोन्हींत मोहिनीच्या काळ्या कॅनमधलं औषध, दोन्हींत सारखंच पाणी. एक बाटली काळ्या फडक्यात गुंडाळली. दुसरी उघडी. दोन्ही बेबाबाईंच्या खिडकीत शेजारी शेजारी ठेवल्या, आणि समोर पहाऱ्याला बेबाबाईच. त्यांच्याइतका विश्वासू पहारेकरी दुसरा मिळणार नव्हता.

भाऊबंद शेवभाजी आणि भाकरी जेवले, केळीच्या भावावर बोलले. मग भंवरीबाई म्हणाल्या, "आणा."

फडकं सोडलं. आतलं औषध पिवळंधमक. उघड्या बाटलीतल्याचं जणू पाणी झालं होतं, इतकं फिकं.

"बेबाबाई, कुणी हात लावला?"

"कोनीच नही. मी डोया लवू दिला नही."

"बरोबर. तुझ्या बाटलीलाही कुणी हात लावला नाही. रेघा खऱ्या होत्या. काढलं नाही, घातलं नाही. पाणी मिसळलं असतं तर पातळी चढली असती. बदललं असतं तर तुला दिसलं असतं. तुझ्या पहाऱ्यातून मुंगी गेली नाही. आत गेलं ते फक्त ऊन, आणि त्याला बोलावलं तू. हे 'बी-टू' उजेडात टिकत नाही. म्हणून कंपनी ते काळ्या कॅनमध्ये घालते."

चेलनानं मोहिनीचा कॅन फिरवून दाखवला. मागे बारीक अक्षरांत लिहिलं होतं, उन्हापासून दूर, अंधारात ठेवा. तो मजकूर वाटणीत मोहिनीकडे गेला होता.

"काचेत ओतून का घेतलंस?"

बेबाबाईंनी पदर पुढे ओढला.

"तुला बाहेरून दिसावं म्हणून. काळ्या कॅनमध्ये किती आहे ते दिसत नाही, आणि जावेनं चोरलं तर कळत नाही. जाऊ चोर आहे हे तू आधी ठरवलंस, मग बाटली निवडलीस. सारा दिवस तिच्याकडे बघत बसलीस. पिलांकडे बघायला वेळ कुठून मिळणार?"

असोद्याच्या दोघांपैकी एकानं "वा!" म्हटलं आणि सगळ्यांनी वळून पाहिल्यावर तो खोकला.

आईबरोबर आलेल्या दीपचंदशेठनी मोठा श्वास सोडला. औषध असली होतं. हायवेवर ही बातमी तितक्याच वेगानं जाणार नव्हती, पण जाणार होती.

आबा मिशी चोळत म्हणाले, "म्हंजी मोहिनीची शेड राहिली."

"राहिली," भंवरीबाई म्हणाल्या. पण त्या उठल्या नाहीत.

७

चेलनानं पिशवी आवरत सांगितलं, "जी पिलं अजून चालायचा प्रयत्न करताहेत, ती वाचतील. पण भांडणात दिवस गेले, आता आजच औषध सुरू करायला हवं. ज्यांचे पाय घट्ट वळलेत त्यांचं सांगता येत नाही. हायवेवरच्या तिन्ही दुकानांतलं संपलंय, नवीन यायला दोन-तीन दिवस लागतील."

सगळ्यांच्या नजरा काळ्या कॅनवर गेल्या. तो मोहिनीच्या हातात होता. तिनं तो जरा छातीशी धरला. आत जेमतेम एका शेडपुरतं होतं. तिची पिलं धावत होती, दोन-तीन दिवस त्यांचं काही अडलं नसतं. पण ते औषध तिच्या वाट्याचं होतं, आणि समोर ती बाई बसली होती जिनं सगळ्या गावापुढे तिला विष घालणारी म्हटलं होतं.

भंवरीबाईंनी तिला हातानं जवळ बोलावलं आणि फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाल्या, "बेटा, शेड वाचली. कुणी काही म्हणणार नाही. पण आधी पिलं बसून राहतात, मग एकाच पायाचं बोट वळतं, हे तुझ्या शेडमध्ये तुला दिसलं नाही. तुझी तर सगळी धावतात. पत्रा मारल्यापासून पलीकडे पाऊल टाकलं नाही म्हणालीस."

मोहिनीचा हात कॅनच्या झाकणावर थांबला.

"मी बोलणार नाही," भंवरीबाई म्हणाल्या. "माझं काम बाटलीचं होतं, ते झालं."

मोहिनीनं बैठकीकडे पाहिलं. नुसता कॅन नेऊन दिला असता, तरी सगळ्यांनी मोठ्या मनाची म्हटलं असतं. पुढचा फोटो तिचाच होता. पण त्या मोठ्या मनात काय दडलंय ते एका म्हातारीला ठाऊक होतं, आणि आता ते तिला स्वतःलाही नीट ठाऊक होतं.

"आबा," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखा शांत नव्हता. "मी गेले होते अक्कांच्या शेडमध्ये. त्या देवळात गेल्या तेव्हा. त्यांची पिलं माझ्या पिलांपेक्षा मोठी झालीत का ते बघायला. तेव्हा काही नुसती बसून होती. दोन दिवसांनी परत गेले, तर एका पायाची बोटं वळलेली. मला कळलं काहीतरी बिघडलंय. मी सांगितलं नाही." तिनं कॅन आबांपुढे ठेवला. "मला बरं वाटलं."

ओसरीच्या खांबाला टेकलेले दोघे भाऊ खांबात शिरता येतं का ते पाहत होते.

आबांनी पत्र्यांकडे पाहिलं. मग मोठ्या सुनेकडे. "बेबा, आता तूच सांग. काय करायचं हिच्या शेडीचं?"

बेबाबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला. सगळ्यांना वाटलं, आता दुसरी किंकाळी येते.

"काय करायचं म्हंजी?" त्या म्हणाल्या. "हिची पिलं लंगडी झाली असती, तं मी काय डॉक्टर बोलावला असता? मी पेढे वाटले असते! अन् हिच्यासारखं चारचौघात सांगितलंही नसतं. शेड राहू द्या, आबा. एका घरात एक तरी खरं बोलनारी पाहिजे. मी तं नही होनार."

भादलीच्या भाऊबंदांनी यावर काही ठराव करायचा का असं विचारलं. आबांनी त्यांना चहा घ्यायला सांगितलं.

कॅन घेऊन दोघी बेबाबाईंच्या शेडमध्ये गेल्या. चेलनानं थेंब कसे द्यायचे ते दाखवलं आणि बाहेर आली. आत दिव्याच्या उबेला दोघी जावा जमिनीवर गुडघ्याला गुडघा लावून बसल्या. बेबाबाईंनी सगळ्यात वाईट अवस्थेतलं पिलू उचललं, ज्याचे पंखही लोंबले होते. दोनदा थेंब चोचीबाहेर सांडला.

"धर," त्यांनी पिलू मोहिनीपुढे केलं. "तू पाज. माझ्याच्यानं होत नही."

"हे वाचेल की नाही सांगता येत नाही, अक्का. माझ्या हातून काही झालं तर?"

"मेलं तं तुझ्या नावावर."

मोहिनीनं दोन बोटांनी चोच उघडली आणि पिवळा थेंब आत सोडला. पिलानं मान झटकली, गिळलं.

"आणि जगलं तर?"

"जगलं तं माझं," बेबाबाई म्हणाल्या आणि पुढचं पिलू उचललं.